वनस्पतींचे अर्क व पूरक आहार : सुरक्षितता आणि कायदा

काविळीचा रुग्ण समोर आला की त्याला विचारावयाचे काही प्रश्न ठरलेले असत. पाणी कोठले पिता, मद्यपान करता काय, अलीकडे रक्त चढविले होते काय, क्षयाची औषधे चालू आहेत काय. या प्रश्नांत आता आणखी एकाची भर पडली आहे. ताकदीसाठी, प्रतिकारशक्तीसाठी, वजन उतरविण्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी एखादी वनस्पतीची गोळी, चूर्ण अथवा रस आपण घेत आहात काय? पहिले उत्तर बहुधा नकारार्थी येते. त्यात लपवाछपवीचा हेतू नसतो. घेणाऱ्याच्या लेखी ते औषधच नसते. “ते तर झाडपाल्याचं आहे”, “ते तर खाण्यातलंच आहे” असे उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी विचारल्यावर मिळते, आणि मग पिशवीतून किंवा घरच्या फडताळातून एक डबी बाहेर येते. या डबीत नेमके काय असते, तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कायद्याने कोणावर टाकली आहे आणि त्या कायद्याचा हात कोठपर्यंत पोहोचतो, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पुसद, उमरखेड, महागाव, दिग्रस या परिसराला वनस्पतींची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. कडुनिंबावर चढलेली गुळवेल येथे गावोगावी दिसते. आंध, कोलाम, गोंड व बंजारा समाजांतील जाणत्या मंडळींना कोणत्या झाडाची मुळी कशासाठी व किती घ्यावी हे परंपरेने ठाऊक असते. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, उमरखेडपासून पलीकडे हिंगोली-वसमतपर्यंत, हळद हे शेतकऱ्याचे नगदी पीक आहे. आणि वनस्पती म्हणजे निरुपद्रवी असे या भागातला माणूस सहसा म्हणणार नाही, कारण त्याने बिब्बा पाहिलेला असतो. बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या स्त्रियांच्या हातांवरील डाग व फोड ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ‘नैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याचे कारण नाही. आयुर्वेदानेही बिब्बा शोधनाखेरीज वापरावयास सांगितलेला नाही, आणि आजच्या कायद्यातही बिब्बा, धोत्रा, गुंज, बचनाग, कुचला ही नावे ‘अनुसूची ई (१)’ या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. ही द्रव्ये ज्या आयुर्वेदीय औषधात असतील त्याच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापणे बंधनकारक आहे.

प्रश्न उभा राहतो तो ओळखीच्या वनस्पतीचे रूप बदलल्यामुळे. नाव तेच राहते, विश्वासही तोच राहतो; परंतु डबीतील पदार्थ मात्र पूर्वीचा नसतो. आपल्याच शिवारातील हळदीचे उदाहरण घेऊन हे पाहू.

शेतातून काढलेली हळद शिजविली जाते, वाळविली जाते, ढोलात घालून तिला चकाकी आणली जाते आणि मग ती बाजारात जाते. दळलेल्या हळदीत कर्क्युमिन व त्याच्या जातीचे पिवळे घटक साधारणपणे शंभरात दोन ते पाच भाग असतात. पूरक आहाराच्या कारखान्यात हीच हळद अॅसिटोन, अल्कोहोल किंवा तत्सम द्रावकात भिजवून त्यातील पिवळा घटक वेगळा काढतात आणि शंभरात पंचाण्णव भाग शुद्धतेपर्यंत नेतात. असा एक किलो अर्क तयार होण्यास पंचवीस-तीस किलो किंवा त्याहूनही अधिक हळद लागते. आता थोडे गणित करू. एका लहान चमच्यात सुमारे तीन ग्रॅम हळद मावते असे धरले, तर त्यात कर्क्युमिन असते सुमारे ९० मिलिग्रॅम, आणि तो चमचा घरातील चार-पाच माणसांच्या भाजीत विभागला जातो. बाजारातील ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत मात्र ते ४७५ मिलिग्रॅम असते. म्हणजे एक गोळी ही पाच चमच्यांहून अधिक हळदीच्या बरोबरीची झाली, आणि तीही एकट्या माणसाने, बहुधा दिवसातून दोनदा घेतलेली. अन्नातील रंगद्रव्य या नात्याने कर्क्युमिनची सुरक्षित दैनिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे तीन मिलिग्रॅमपर्यंत ठरविली आहे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीस ती १८० मिलिग्रॅम होते.

येथेच गोष्ट संपत नाही. नुसते कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, आणि शरीराचा हा एक प्रकारचा बंदोबस्तच म्हणावयाचा. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवून दिले की, कर्क्युमिनसोबत मिऱ्यातील पायपरीन हा घटक दिला असता निरोगी माणसांत त्याची उपलब्धता सुमारे वीसपट वाढते. तेव्हापासून अनेक उत्पादक हळदीच्या अर्कात पायपरीन मिसळू लागले, व वेष्टनावर ते अभिमानाने छापूही लागले. पायपरीन केवळ हळदीसाठीच दार उघडते असे नाही. फिटांसाठी दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण त्यामुळे वाढते हेही अभ्यासांत दिसले आहे. दुधात चिमूटभर हळद व दोन मिरे घालणाऱ्या आजीचा आणि या गोळीचा संबंध नावापुरताच उरतो.

याचे परिणाम कोठे दिसले? इटलीत २०१८ च्या अखेरीपासून हळदीचे अर्क घेणाऱ्यांत यकृतदाहाचे रुग्ण आढळू लागले. तेथील आरोग्य मंत्रालयाने त्या उत्पादनांची तपासणी केली, तेव्हा भेसळीत त्याचे कारण सापडले नाही. २०१९ मध्ये यकृताचा किंवा पित्ताशयाचा विकार असणाऱ्यांनी ही उत्पादने घेऊ नयेत अशी सूचना छापणे सक्तीचे झाले आणि २०२२ मध्ये हळदीच्या पूरक आहारास यकृतासाठी हितकर म्हणून जाहिरात करण्यावरच तेथे बंदी आली. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीमुळे झालेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला. ज्या सात उत्पादनांचे पृथक्करण झाले त्या सातांतही हळद होती आणि तीनांत पायपरीनही होते. या दहांपैकी सात रुग्णांत एचएलए-बी*३५:०१ नावाची एक आनुवंशिक खूण आढळली. म्हणजे काही माणसे जन्मतःच अशा हानीस अधिक पात्र असतात. पण आपण त्यांपैकी आहोत काय, हे गोळी घेणाऱ्यास ठाऊक नसते.

यावरून कोणी स्वयंपाकातील हळद वर्ज्य करावी असा अर्थ काढू नये. तसा अर्थ काढणे हास्यास्पद होईल, आणि आपल्या हळद उत्पादकांवर तो अन्यायही होईल. शिजवलेल्या अन्नातील हळदीविषयी तक्रार नाही. येथे विचार चालला आहे तो अर्काचा. हिरव्या चहाच्या बाबतीत हेच घडले. चहा पिणाऱ्यांना त्रास नाही. परंतु वजन उतरविण्यासाठी त्याचा दाट अर्क घेणाऱ्यांत यकृताची हानी दिसू लागली, तेव्हा युरोपीय संघाने २०२२ मध्ये त्यातील मुख्य घटकाचे प्रमाण दिवसाला ८०० मिलिग्रॅमहून कमी असलेच पाहिजे, आणि उपाशीपोटी घेऊ नये असे वेष्टनावर लिहिलेच पाहिजे, असा नियम केला.

आता महाराष्ट्रातील उदाहरणाकडे वळू. कोविडच्या साथीत गुळवेल घरोघरी पोहोचली. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत तिचा समावेश होता, आणि त्यात मात्रा व कालावधी यांचाही उल्लेख होता. लोकांनी नाव तेवढे लक्षात ठेवले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. चार स्त्रिया, दोन पुरुष. सर्वांनी गुळवेल घेतली होती, कोणी तीन आठवडे तर कोणी सहा-सात महिने. त्यांच्या यकृताचा दाह हा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तेव्हा दिसतो त्या प्रकारचा होता. सहांपैकी काहींना मूळचाच सुप्त यकृतविकार होता, तो या निमित्ताने उघड झाला असावा असे तज्ज्ञांचे मत पडले. एका रुग्णाचा मृत्यू झाला. ही माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर देशभर मोठी चर्चा झाली. पुढे २०२२ मध्ये देशातील तेरा केंद्रांनी एकत्र येऊन अशा ४३ रुग्णांची माहिती प्रकाशित केली.

आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांस हरकत घेतली. गुळवेल ही शतकानुशतके वापरातील वनस्पती असून ती विषारी नाही, संशोधकांनी रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची ओळख पटविलेली नाही, टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची तिच्यासारखीच दिसणारी वेल यकृतास अपायकारक असू शकते, तिच्याशी गल्लत झाली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. या वादात कोणाची बाजू खरी, याचा निवाडा तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयाने करावयाचा नाही. मात्र एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. गल्लत झाली हे मंत्रालयाचे म्हणणे मान्य केले, तरी त्यातून नियमनाची गरजच सिद्ध होते. कुंपणावरची वेल तोडून काढा करणाऱ्याला दोन सारख्या वेलींतील फरक कळला नाही तर ते समजू शकते. पण परवाना घेऊन डबी विकणाऱ्याने तो केलाच पाहिजे. आणि गल्लत झाली नसेल, तर मूळचा मधुमेह, थायरॉईडचा विकार, यकृताचा विकार किंवा प्रतिकारशक्तीशी निगडित आजार असणाऱ्यांनी ‘प्रतिकारशक्ती वाढविणारी’ वस्तू वैद्यकीय सल्ल्याविना घेणे इष्ट नाही, एवढे तरी दोन्ही पक्षांना मान्य व्हावे.

आता कायद्याकडे वळू. हा भाग थोडा रुक्ष आहे. परंतु वाचकाने तो सोडून देऊ नये, कारण हातातील डबीविषयी त्याला जे समजू शकते ते येथेच समजते.

एकाच वनस्पतीचा अर्क आपल्या देशात दोन निरनिराळ्या दरवाजांतून बाजारात येऊ शकतो. पहिला दरवाजा औषधाचा. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात १९६४ मध्ये दुरुस्ती होऊन आयुर्वेदीय व युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. या दरवाजाने येणाऱ्या उत्पादनास परवाना लागतो, कारखाना ‘अनुसूची टी’मध्ये सांगितलेल्या उत्तम उत्पादन पद्धतीनुसार चालवावा लागतो आणि घटकांची नावे वेष्टनावर द्यावी लागतात. २०१० मध्ये या नियमांत १५८-बी हा नियम आला. त्यातील अर्कासंबंधीची तरतूद मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. ग्रंथोक्त वनस्पतीचा अर्क पाण्यात काढला असेल तर सुरक्षिततेचा नवा अभ्यास मागितला जात नाही. आपल्या पूर्वजांचा काढा हा पाण्यातच काढलेला अर्क होता, आणि त्याचा दीर्घ वापर हाच त्याचा पुरावा मानला जातो. पाणी किंवा पाणी-अल्कोहोल यांच्या मिश्रणाव्यतिरिक्त अन्य द्रावक वापरला असेल तर मात्र विषाक्ततेचा व गर्भावरील परिणामांचा अभ्यास सादर करावा लागतो. या नियमामागचा विचार अत्यंत समंजस आहे. द्रावक बदलला की वनस्पतीतील वेगळेच घटक उतरतात, आणि मग परंपरेचा दाखला देण्याचा अधिकार उत्पादकाकडे उरत नाही.

दुसरा दरवाजा अन्नाचा. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम २२ ने पूरक आहार व न्यूट्रास्युटिकल यांना कायद्यात प्रथमच स्वतंत्र स्थान दिले. त्याखालील सविस्तर नियम २०१६ च्या डिसेंबरात अधिसूचित झाले व १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. या नियमांना वापरण्यायोग्य वनस्पतींची एक लांब अनुसूची जोडलेली आहे. वनस्पतीचे कोणते अंग घ्यावयाचे, मूळ की फळ की पान, आणि प्रौढ व्यक्तीस दिवसाकाठी किती प्रमाणात, हे त्यात दिलेले आहे. अनुसूचीत नसलेला पदार्थ वापरावयाचा असल्यास प्राधिकरणाची आगाऊ मान्यता लागते. जो पदार्थ अनुसूचीत आहे त्यासाठी मात्र उत्पादकाला प्रत्येक नव्या उत्पादनागणिक माणसांवरील चाचणी सादर करावी लागत नाही. अन्नाच्या बाबतीत हे स्वाभाविकही आहे. भाकरीची कोणी चाचणी मागत नाही. अडचण येते ती ही की, गोळी, कॅप्सूल, चूर्ण, सरबत ही सर्व रूपे अन्नाच्या दरवाजातूनही येऊ शकतात, आणि दुकानाच्या फळीवर ती औषधांच्या शेजारीच मांडलेली असतात. २०२२ मध्ये ‘आयुर्वेद आहार’ या नावाने ग्रंथोक्त पाककृतींसाठी आणखी एक नियमावली आली. तीही अन्नकायद्याखालचीच आहे.

वनस्पतीच्या अंगाचा मुद्दा वरवर क्षुल्लक वाटतो. तसा तो नाही. अश्वगंधेचे उदाहरण पाहावे. आयुर्वेदात अश्वगंधा म्हणजे तिचे मूळ. पाने मुबलक व स्वस्त; त्यातील रसायने मुळातील रसायनांहून प्रमाणाने भिन्न. अर्क करून पूड झाली की ती मुळाची होती की पानांची, हे डोळ्यांना सांगता येत नाही. तेव्हा ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाला उत्पादकांना पाने वापरू नयेत असे कळवावे लागले. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये पूरक आहारात अश्वगंधा वापरण्यावरच बंदी घातली. ही बंदी कित्येकांना अतिरेकी वाटली, व तसे वाटण्यास आधारही आहे. परंतु आपल्याकडून जाणारा माल नेमका कशापासून बनला आहे याची खात्री आपण देऊ शकलो, तरच तिला उत्तर देता येईल.

आपल्या राज्यात या दोन्ही कायद्यांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. अन्नाच्या दरवाजाने आलेल्या उत्पादनावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे चिन्ह व चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. त्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ हे स्पष्ट शब्दांत छापलेले असावे लागते, आणि कोणताही रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. आयुर्वेदीय औषधावर राज्याच्या परवाना अधिकाऱ्याने दिलेला उत्पादन परवाना क्रमांक असतो. म्हणजे सांधेदुखीवर, मधुमेहावर किंवा पांढऱ्या कावीळीवर उपाय म्हणून विकत आणलेल्या डबीवर चौदा आकडी क्रमांक असेल, तर ती वस्तू कायद्याच्या दृष्टीने अन्न होय आणि तिच्या विक्रेत्याने तोंडी केलेला दावा बेकायदेशीर होय. विक्रेते हा दावा लिहून देत नाहीत. ओळखीच्या माणसाकरवी, बचत गटाच्या किंवा लग्नघरच्या बैठकीत तो तोंडी सांगितला जातो. साखळी पद्धतीच्या विक्रीत विकणारा आपलाच नातलग किंवा शेजारी असल्याने त्याला खोटे कसे पाडावे, असाही संकोच असतो.

या दोन दरवाजांखेरीज एक तिसरी वाटही आहे, तिला दरवाजा म्हणता येणार नाही. आठवडी बाजारात, यात्रेत, रस्त्याकडेच्या तंबूत कागदाच्या पुडीतून किंवा लेबल नसलेल्या प्लास्टिकच्या डबीतून विकले जाणारे चूर्ण. त्यावर नाव नाही, क्रमांक नाही, तारीख नाही. दमा व सांधेदुखी यांवर दोन दिवसांत गुण देणाऱ्या अशा चूर्णांत स्टिरॉइड मिसळल्याची उदाहरणे देशभर नोंदली गेली आहेत. चेहरा गोल होणे, साखर वाढणे, औषध थांबविताच एकाएकी गळून जाणे ही त्याची लक्षणे खेड्यात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या परिचयाची आहेत. येथे कायदा अपुरा नाही. कायदा पूर्णपणे अनुपस्थित आहे. परंपरेने वनस्पती देणारा, स्वतः ती जंगलातून आणणारा जाणता माणूस आणि हा विक्रेता यांत वाचकांनी गल्लत करू नये. पहिल्याला गावात राहावयाचे असते. दुसरा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी असतो.

परवानाधारक उत्पादनांपुरताच विचार केला तरी कायद्याच्या मर्यादा राहतातच. अनुसूचीतील प्रमाणाचा विचार मुख्यतः कच्च्या वनस्पतीच्या वजनाशी जोडलेला आहे; अर्काची तीव्रता मात्र कारखान्यागणिक बदलते. दोन-तीन डब्यांत एकच वनस्पती असेल आणि एकच माणूस त्या सर्व घेत असेल, तर प्रत्येक डबी मर्यादेत असूनही एकूण मात्रा मर्यादेबाहेर जाऊ शकते. तिच्यासोबत डॉक्टरांची कोणती औषधे चालू आहेत, हे तर कोणत्याच वेष्टनाला ठाऊक नसते. आणि विक्रीनंतर काय घडले याची माहिती गोळा करण्याची व्यवस्था हा सर्वांत कच्चा दुवा आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, व आयुष औषधांसाठी २०१८ पासून स्वतंत्र कार्यक्रम आहे. पूरक आहारासाठी मात्र फ्रान्समध्ये २००९ पासून आहे तशी, केवळ याच उत्पादनांचे दुष्परिणाम टिपणारी व्यवस्था आपल्याकडे अजून रुजलेली नाही. दोष सर्वस्वी शासनाचा आहे असे नाही. डॉक्टरांनी विचारले नाही, रुग्णांनी सांगितले नाही, तर कोणतीही यंत्रणा काय नोंदविणार?

न सांगण्याची किंमत आपल्या भागात विशेष मोठी पडते. त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण क्षयरोग. क्षयाच्या चार मुख्य औषधांपैकी तीन यकृतास त्रास देऊ शकतात. उपचार चालू असताना डोळे पिवळे झाले की आम्हांला ती औषधे थांबवावी लागतात, तपासण्या कराव्या लागतात व मग एकेक औषध क्रमाने पुन्हा सुरू करावे लागते. यात कित्येक आठवडे जातात. रुग्ण तेवढा काळ अर्धवट उपचारावर राहतो, आणि घरातील लहान मुलांना संसर्गाचा धोका वाढतो. अशा रुग्णाने ‘अशक्तपणा जावा’ म्हणून एखादा अर्क सोबत घेतलेला असेल व तो सांगितला नसेल, तर दोष त्या अर्काचा असूनही शिक्षा क्षयाच्या औषधांना होते. दुसरे कारण सिकलसेल. विदर्भात हा आजार अनेक कुटुंबांत आहे. या रुग्णांचे डोळे मूळ आजारामुळेच थोडे पिवळसर असतात, त्यामुळे यकृताला नव्याने झालेली इजा घरच्यांच्या लक्षात उशिरा येते. रक्त वाढावे म्हणून अशा मुलांना काहीबाही देण्याचा मोह आई-वडिलांना होतो, तो समजण्यासारखा आहे. पण देण्यापूर्वी एकदा विचारावे.

रक्त पातळ होण्याची औषधे, फिटांची औषधे, मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, गर्भवती व स्तनदा मातांनी, पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी कोणताही दाट अर्क स्वतःच्या मनाने घेऊ नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर अशा गोष्टी किती दिवस आधी बंद कराव्यात हे शल्यविशारदांना व भूलतज्ज्ञांना विचारावे. भूक मंदावणे, मळमळ, लघवी गर्द पिवळी होणे, अंगाला खाज सुटणे यांपैकी काही जाणवल्यास गोळी त्याच दिवशी थांबवावी आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. बहुतेक रुग्णांत अर्क थांबविल्यावर यकृत काही आठवड्यांत पूर्वपदावर येते. उशीर झाला तर मात्र तशी खात्री देता येत नाही.

रुग्णालयात येताना चालू असलेल्या सर्व गोष्टी सोबत आणाव्यात. डॉक्टरांच्या औषधांसोबत वैद्यांची औषधे, पूरक आहाराच्या डब्या, काढ्याची पूड, आणि शक्य असल्यास काढ्यासाठी वापरलेल्या वेलीचा तुकडासुद्धा. डबी रिकामी झाली असली तरी फेकू नये. तिच्यावरील परवाना क्रमांक, गट क्रमांक व घटकांची यादी आम्हांला उपयोगी पडते, आणि संशय आल्यास त्याच गटाचा नमुना तपासणीस पाठविता येतो. दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो. त्यासाठी राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. उत्पादनाविषयीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे लेखी करता येते. तीसोबत खरेदीची पावती जोडलेली असावी, म्हणून अशी वस्तू घेताना पावती मागून घ्यावी, विकणारा कितीही ओळखीचा असला तरी.